एका दिवसात खाडी आणि डोंगर: ऐरोली-खारघरची सहल भरतीच्या वेळेवर कशी बेतायची

खाडीकाठचं कांदळवन, डोंगरवाट आणि धबधबा, हे तिन्ही एका दिवसात बघू म्हणून ठाण्या-नवी मुंबईतून निघणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. जुलैतल्या रविवारी भर दुपारी खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या रस्त्याला लागायचं आणि पोलिसांच्या अडथळ्यापासून मागे फिरायचं. फेब्रुवारीत धबधबा शोधायचा. ऐरोलीला नोंदणी न करता जाऊन खाडीतले पक्षी दाखवणारी बोट मागायची. किंवा सगळं जमवून आणायचं आणि ओहोटीच्या वेळी पोहोचून नुसता चिखल बघायचा.

यातली जवळजवळ प्रत्येक चूक घरी बसल्याबसल्या झालेली असते, आदल्या आठवड्यात. या सहलीचं वेळापत्रक दोन पाण्यांच्या हातात आहे: खाडीत समुद्राकडून येणारं भरतीचं आणि डोंगरावरून उतरणारं पावसाचं. माणसं मात्र ते रविवारच्या सोयीने ठरवतात. म्हणून खाली आधी बराच वेळ तारीख आणि तास ठरवण्यात घालवला आहे. चालायचा भाग त्यामानाने सोपा आहे.

मार्ग असा: ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, तिथून लोकलने बेलापूर-खारघर, खारघरची टेकडी आणि तिच्या कुशीतला पांडवकडा.

## टप्पा १: ऋतू निवडा, तिन्हींचा हट्ट सोडा

भरगच्च धबधबा आणि हजारोंनी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) एकाच दिवशी दिसत नाहीत. रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात आणि मेअखेरीपर्यंत राहतात. पांडवकड्याला पाणी असतं ते जून ते ऑक्टोबर. म्हणजे एकाचा हंगाम संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. तेव्हा या तीनपैकी एक ठरवा.

जुलै ते सप्टेंबर. धबधबा जोरात, पण बहुतेक पावसाळ्यांत तिथे प्रवेशबंदी असते. फ्लेमिंगोच्या बोटी नाहीत. हे दिवस हिरवी टेकडी आणि लांबून धबधबा बघण्याचे.

ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. पाणी कमी झालेलं, आभाळ मोकळं, गवत कमरेएवढं. ऊन मात्र कडक, आणि परतीच्या पावसाच्या विजा दुपारनंतर. चालायला येणाऱ्यांसाठी आमच्या मते हाच सगळ्यात चांगला काळ, फक्त बारा वाजायच्या आत खाली उतरायचं.

डिसेंबर ते मार्च. बोट, पक्षी, थंड सकाळ. कडा कोरडा असतो. तो कोरडाही बघण्यासारखा आहे, पण पाणी बघायला म्हणून येऊ नका.

एप्रिल-मे मध्ये पक्षी असतात, पण टेकडीवर सावली नाही. त्या महिन्यांत फक्त खाडी करा.

## टप्पा २: भरतीची वेळ काढा

हा टप्पा लोक गाळतात, आणि सहल इथेच फसते.

खाडीत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात, आणि दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून 'मागच्या शनिवारी आठला बोट मिळाली होती' याचा या शनिवारी काहीच उपयोग नाही. एका आठवड्यात चित्र जवळजवळ उलटं होतं: जिथे भरती होती तिथे ओहोटी.

अचूक वेळ मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळते. पण आधी अंदाज हवा असेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब वापरा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

- पंचमी: ५ ची पाऊणपट पावणेचार. भरती पावणेचारला, पहाटे आणि दुपारी. ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास.
- अष्टमी: सहा. भरती सकाळी आणि संध्याकाळी, भर दुपारी ओहोटी.
- द्वादशी: नऊ. सकाळी नऊला भरती, तीन-सव्वातीनला ओहोटी.
- पौर्णिमा आणि अमावास्या: सव्वाअकरा ते बारा.

यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी बंदरापेक्षा थोडं उशिरा चढतं. तारीख निवडायला एवढं पुरतं. तिकीट काढताना मात्र कोष्टकच बघा.

आता हे कशासाठी? बोटीला तरंगायला पाणी लागतं, आणि रोहित पक्ष्यांना चरायला उघडा, ओला चिखल. पूर्ण ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो, पक्षी खूप, पण बोट जाऊ शकत नाही. पूर्ण भरतीला बोट कुठेही जाते, पण चिखल बुडालेला असल्याने बरेच थवे उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. मधली वेळ, म्हणजे पाणी चढत किंवा उतरत असताना, दोन्ही साधतं. केंद्राच्या फेऱ्या म्हणूनच रोज वेगळ्या वेळी असतात. कर्मचाऱ्यांशी वेळेवरून हुज्जत घालणारे दर आठवड्याला दिसतात. वेळ चंद्र ठरवतो, खिडकीतला माणूस नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने या दोन्ही टोकांच्या मधली तिथी धरली तर सोयीचं जातं.

यावरून दिवसाचा क्रम लावा:

- तृतीया ते षष्ठी: भरती दुपारी. सकाळी डोंगर, दुपारी खाडी. डिसेंबर ते मार्चमधला सर्वांत सुटसुटीत क्रम हाच.
- दशमी ते त्रयोदशी: भरती सकाळी. आधी खाडी, मग लांब विश्रांती, चारनंतर टेकडीचा खालचा टप्पा तेवढा.
- अष्टमी-नवमी: बोट फार लवकर किंवा फार उशिरा. डोंगर करा, बोट पुढच्या खेपेला ठेवा.
- जुलै ते ऑक्टोबर: बोट नसल्याने तिथीचा प्रश्न नाही. नेहमी आधी डोंगर, मग खाडी.

> तपासणी: कागदावर तीन वेळा लिहिल्यात का? भरतीची, बोटीची आणि सूर्यास्ताची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सव्वासातला. टेकडीवरून मावळतीच्या तासभर आधी खाली यायचं आहे.

## टप्पा ३: नोंदणी, बंदी आणि हवामान

बोटीची नोंदणी आगाऊ, ऑनलाइन करा. शनिवार-रविवारच्या जागा आधी भरतात. शाळांच्या सहलीही याच केंद्रात येतात, त्यामुळे मधल्या वारीही गृहीत धरू नका. केंद्राची साप्ताहिक सुट्टी नोंदणी करतानाच बघून घ्या. फक्त कांदळवनातली फेरी करायची असेल तरी ही सुट्टी आड येते.

पांडवकडा वनखात्याच्या ताब्यातल्या जमिनीवर आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी धबधब्यांवर मनाई आदेश निघतात. पूर्वी ज्याला 'कलम १४४' म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. जूनमध्ये वर्तमानपत्रांत बातमी येते, ती शोधा. शंका असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर विचारा.

बंदी कशासाठी, हे कळायला एक घटना पुरे. ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरच्या डोंगरातल्या ओढ्यात चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी वाहून गेल्या. आडवाटेने बंदी चुकवणाऱ्यांना वाटतं की आपण फक्त पोलिसांना चुकवतोय.

हवामान बघताना एक चूक हमखास होते. ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे, खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. मोबाइलवर 'ठाणे: पिवळा' बघून निघालेल्या माणसाला रायगडसाठी 'नारिंगी' आहे हे माहीतच नसतं. दोन्ही जिल्हे बघा आणि जो इशारा कडक तो धरा.

- लाल किंवा नारिंगी: डोंगर रद्द. लाल असेल तर खाडीही रद्द.
- पिवळा: टेकडीचा डांबरी रस्ता चालेल, ओढ्याच्या बाजूला जायचं नाही.
- हिरवा, पण आदल्या तीन दिवसांत जोरदार पाऊस: जमीन भिजून फुगलेली असते. दरडीच्या खालून जाणाऱ्या वाटा टाळा.

हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार पाऊस' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त, आणि 'अतिजोरदार' ११५.६ पासून पुढे. निघायच्या सकाळी 'मौसम' ॲपवर पुढच्या काही तासांचा अंदाज बघा. ऑक्टोबरात 'दामिनी' ॲपही मोबाइलवर ठेवा, ते जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं.

> सावधान: मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागात पाणी तुंबतं आणि लोकल रखडतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि नारिंगी इशारा एकाच दिवशी असेल तर घरीच बसा.

## टप्पा ४: पिशवी भरा

इथे लोक एकतर काहीच नेत नाहीत, नाहीतर हिमालयात निघाल्यासारखं नेतात. मधलं असं:

पायात: खोल नक्षीचा रबरी तळ असलेले बूट. घासलेले धावायचे बूट ओल्या काळ्या दगडावर चपलेपेक्षाही वाईट, कारण त्यांच्यावर विश्वास बसलेला असतो. तळ अंगठ्याने दाबा. टणक आणि गुळगुळीत लागला तर ते बूट घरी ठेवा. गमबूट चढाला नकोत, आत पाणी गेलं की निघत नाही. मोज्यांचा जास्तीचा जोड प्लास्टिकमध्ये बांधून घ्या.

अंगावर: पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, लवकर वाळणारी पँट. जीन्स नको. भिजली की जड होते, मांड्या घासतात आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. खाडीवर डास आणि टेकडीवर गवताची कुसळं, दोन्हींसाठी पूर्ण बाह्या. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असले तर पक्षी कमी बिचकतात.

पावसासाठी: पोंचो किंवा रेनकोट. छत्री खाडीच्या केंद्रापर्यंत ठीक. टेकडीवर वाऱ्यात ती उलटते आणि एक हात अडकवून ठेवते.

पाणी: अर्ध्या दिवसाला माणशी दोन लिटर, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये तीन. टेकडीवर विकत पाणी मिळेल असं धरू नका. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. पेलाभर पाण्यात ओतलं तर मीठ-साखर जास्त होऊन त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

खाणं: थालीपीठ किंवा दशमी, चणे-गूळ, केळी, काकडी. डबा झाकणाचा. माकडं कुरकुरीत पाकिटाचा आवाज लांबून ओळखतात.

बाकी: शिटी, छोटी बॅटरी, क्रेप बँडेज, जखमेवर लावायचं औषध, चिकटपट्ट्या, डासांचं मलम, भरलेली पॉवर बँक, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, रोजची औषधं. पक्ष्यांसाठी ८×४२ ची दुर्बीण पुरते. त्याहून जास्त पटीची हलत्या बोटीत हातात स्थिर राहत नाही.

> तपासणी: पिशवी पाठीवर घेऊन इमारतीचे चार मजले चढा. खांदा ओढला तर काहीतरी जास्त आहे. बहुतेक वेळा जास्तीचे कपडे असतात. पाणी कमी करू नका.

## टप्पा ५: प्रवास

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाड्या नऊ, दहा आणि दहा-अ या फलाटांवरून सुटतात. ऐरोली दिघा गावानंतरचं स्थानक. पुढे खारघर-बेलापूरकडे जाताना पनवेल लोकल पकडा. वाशीची पकडलीत तर मधे उतरून बदलावी लागते. ऐरोलीहून बेलापूर अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास.

रविवारी मेगाब्लॉक बघितल्याशिवाय निघू नका. ट्रान्स-हार्बरवर असेल तर साधारण अकरा ते चार गाड्या बंद असतात, म्हणजे नेमक्या खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या वेळात. शुक्रवारी-शनिवारी बातमी येते. तसा ब्लॉक असेल तर बस किंवा गाडी, नाहीतर शनिवार.

ऐरोली स्थानकावरून खाडीकाठच्या केंद्रापर्यंत रिक्षा करा. खारघरसाठी बेलापूरला उतरून नवी मुंबई मेट्रोने 'सेंट्रल पार्क' गाठता येतं. ही बेलापूर ते पेंधर मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे. सेंट्रल पार्कपासून डोंगराची भिंत समोरच उभी असते.

## टप्पा ६: खाडी

बोटीच्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचा. आधी केंद्रातली दालनं बघा, मग कांदळवनातला लाकडी पूल, मग बोट. उलट क्रमाने गेलात तर बोटीतून जे दिसलं ते काय होतं हे नंतर कळतं.

पुलावर घाई करू नका. दहा मिनिटं एका जागी उभं राहिलं की चिखल हलायला लागतो. बिळातून चिंबोऱ्या बाहेर येतात, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतात. तिवर या कांदळवनातल्या झाडाभोवती चिखलातून वर आलेले टोकदार कोंब म्हणजे त्याची श्वसनमुळं. चिखलात हवा नसते म्हणून ती वर येतात. चिप्पीचीही अशीच, पण जाड आणि उंच. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.

> सावधान: फोटोसाठी पुलावरून चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसणारा चिखल मांडीपर्यंत आत घेतो. ओढून पाय काढायला गेलं की बूट आत राहतो आणि दुसरा पाय आणखी खोल जातो. शिवाय मुळांवर चिकटलेल्या कालवांच्या कडा धारदार असतात आणि खाडीच्या पाण्यातली जखम लवकर चिघळते.

बोटीत जीवरक्षक जाकीट घातल्यावर पट्टे आवळा. नुसतं गळ्यात अडकवलेलं जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. लहान मुलाला मोठ्यांचं जाकीट चालत नाही, त्याच्या मापाचं मागून घ्या. पक्षी दिसले की सगळे एका बाजूला धावतात, तेवढं टाळा. उभं राहायचंच असेल तर एकेकाने.

थवा माना वर करून एका दिशेला चालायला लागला की तो बिचकलाय. पुढची पायरी उडण्याची. तेव्हा आणखी जवळ नेण्यासाठी नावाड्याच्या मागे लागू नका. उडवलेल्या थव्याचा फोटो छान येतो हे खरं, पण ते दिवसभर चिखल गाळून पोट भरतात आणि प्रत्येक उड्डाणात चरणं थांबतं. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. पक्ष्यांना त्रास देणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो.

बोट मिळाली नाही तर? दुपारच्या भरतीला नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांच्या काठावरून विसावलेले थवे दिसू शकतात. बोटीपेक्षा शांतपणे, आणि फुकट.

## टप्पा ७: टेकडी

खारघरच्या टेकडीवर जाणारा डांबरी रस्ता वर चाफेवाडी आणि फणसवाडी या आदिवासी पाड्यांकडे जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच धरावा, ओढ्यातून किंवा सुळक्यावरून जाणाऱ्या वाटा नकोत. गाडी वर नेता येणार नाही असंच धरून चाला. पावसाळ्यात दरडीमुळे रस्ता बंद असला तर सुरुवातीलाच कळतं. तिथे उभ्या असलेल्या माणसाचं ऐका.

क्रम असा ठेवा:

१. सुरुवात सहा ते साडेसहा. आठनंतर निघालेल्यांना चढाच्या मध्यावर ऊन गाठतं.

२. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. सुरुवातीला पळणारे पुढे बसतात आणि गटाचा वेळ खातात.

३. दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट पाणी. तहान लागायची वाट बघू नका.

४. गट मोजा. प्रत्येक वळणावर शेवटचा माणूस दिसेपर्यंत पुढचा थांबतो. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, मागे नाही.

५. परतीची वेळ आधीच ठरवा. नऊ वाजले की मागे फिरायचं ठरलं असेल तर पठार समोर दिसत असलं तरी फिरायचं. बोट दुपारची असेल तर याला पर्यायच नाही.

पठारावर गवतातून चालताना पाय आपटत चाला, दगड उलथू नका, दगडाच्या खाचेत न बघता हात घालू नका. कोकणपट्टीतल्या अशा खडकाळ जागी फुरसं हा विषारी साप असतो. तो लहान आणि मातीच्या रंगाचा असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. चावला तर जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-कडी काढा, तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन करा. इलाज रुग्णालयातल्या प्रतिविषाचाच.

पाड्यांवर आपण पाहुणे. भातखाचरांच्या बांधावरून शेतात उतरू नका, घरांचे आणि मुलांचे फोटो न विचारता काढू नका. वाट चुकलीत तर मोबाइलवर नकाशा उलटसुलट करण्यापेक्षा तिथल्या दादांना-मावशींना विचारा. आदल्या रात्री कुठे दरड आली, कोणता ओढा चढलाय, हे त्यांना माहीत असतं.

> सावधान: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर पठार लगेच सोडा. एकट्या झाडाखाली थांबू नका, गटाने चिकटून उभे राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जायचं नाही.

उतरताना गुडघे थोडे वाकवून, लहान पावलं टाका. पाय मुरगळायचे प्रसंग चढापेक्षा उतारावर जास्त येतात, कारण तेव्हा लक्ष जेवणाकडे असतं.

## टप्पा ८: धबधबा आणि ओढा

पांडवकडा सुमारे १०७ मीटर उंच आहे. बंदी असताना तो लांबून बघायचा, सेंट्रल पार्क आणि गोल्फ कोर्सच्या बाजूने. खरं तर त्याची पूर्ण उंची लांबूनच कळते. पायथ्याशी नुसते तुषार आणि गर्दी.

बंदी नसेल आणि वनरक्षकाने जाऊ दिलं, तरी ओढ्याचं गणित समजून घ्या. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. अर्ध्या तासात वीस मिलिमीटर पडला तर दोन कोटी लिटर. काळ्या कातळावर माती पातळ, त्यामुळे भिजलेल्या दिवसात ते मुरत नाही. सगळं एकाच घळीतून खाली येतं. तुम्ही उन्हात उभे असता आणि वर पठारावर सर येऊन गेलेली असते. खाली पाऊस नाही म्हणून ओढा सुरक्षित, हा समज सगळ्यात घातक.

पाणी वाढायच्या खुणा, साधारण या क्रमाने:

- नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं.
- पालापाचोळा, काटक्या वाहत येतात.
- आवाज बदलतो, जाड होतो. आत दगड घरंगळल्याचा आवाज येतो.
- मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो.

यातली पहिली खूण दिसली की सामान गोळा न करता परतीच्या वाटेच्या बाजूला वर चढा. चौथी दिसेपर्यंत वाट बघणाऱ्याला वेळ उरत नाही.

पलीकडे अडकलात तर तिथेच थांबा, उंचावर. पाऊस थांबल्यावर अशा छोट्या ओढ्याचं पाणी सहसा काही तासांत उतरतं. ११२ ला फोन करा, शिटी वाजवा. चढलेला ओढा ओलांडायची पद्धत इथे मुद्दाम दिलेली नाही. हातात हात घालून साखळी करायचं जे चित्र लोकांच्या डोक्यात असतं, त्यात एकाचा पाय सुटला की सगळे ओढले जातात.

धारेखाली उभं राहू नका. १०७ मीटरवरून सुटलेला दगड खाली येईपर्यंत ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, मग तो लिंबाएवढा असला तरी. डोहात उतरू नका. पडणाऱ्या पाण्याने फेसाळलेल्या भागात हवा मिसळलेली असते, त्यात पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही. आणि ओल्या कातळावर सेल्फीसाठी मागे सरकत जाणं, याबद्दल वेगळं काय सांगायचं.

> तपासणी: बसायला जागा निवडताना मागे बघा. गवतात अडकलेला कचरा आणि काटक्या जिथपर्यंत दिसतात तिथपर्यंत मागच्या वेळी पाणी आलं होतं. त्या रेषेच्या वर बसा.

## टप्पा ९: घरी आल्यावर

बूट नुसत्या पाण्याने धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत ठेवा. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवले की तळ सुटतो. खाडीचा खारा चिखल लगेच धुवा. दुर्बिणीच्या भिंगावर खारं पाणी उडालं असेल तर आधी ओल्या मऊ कापडाने टिपून घ्या, कोरडं घासू नका.

पायाला चिरा, ओरखडे असतील आणि तुम्ही साचलेल्या किंवा वाहत्या पाण्यातून चालला असाल, तर जखमा साबणाने धुवा. पुढच्या चार आठवड्यांत कधीही ताप, पोटऱ्यांत जोराचं दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'ताप आहे' एवढंच सांगू नका. कोणत्या तारखेला पावसाच्या पाण्यातून चाललात तेही सांगा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) संशय त्यावरून लवकर येतो आणि औषध लवकर सुरू होतं. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे त्यांनाच विचारा, घरातली उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका.